परत आलेला पलंग

पलंग परत आला होता. मुलगी तिच्या घरी सुखात होती. एवढी साधी गोष्ट एका अख्ख्या गावाला दुपारभर समजली नाही, आणि ज्याने ती ओरडून सांगायला हवी होती तो मी जंगलखात्याच्या नाक्यावर, खोलीत बसून, कागदांवरून भांडत होतो. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. राग गेलेला नाही. कुणावरचा राग जास्त, एवढंच अधूनमधून बदलत राहतं.

आमचं फर्निचरचं दुकान चंद्रपुरात. अब्बांनी ते उभं केलं ते लग्नांच्या जोरावर. मुलीचा बाप आठ-दहा जणांना घेऊन यायचा. मामा, काका, गावचा पोलीस पाटील, आणि बसमध्ये जागा होती म्हणून चढलेला एखादा. सगळे पलंगावर ओळीने बसून बघायचे, बोटांनी ठोकून बघायचे, मग मागे सरकत सरकत रस्त्यापर्यंत जायचे आणि विचारायचे, "दुरून चांगला दिसते ना?" झोपायला कसा आहे हे विचारलेलं मला आठवत नाही. आंदण मांडवाच्या तोंडाशी मांडतात आणि माईकवरून पुकारतात: नवरीच्या वडिलांकडून एक सागवानी पलंग, एक लोखंडी अलमारी, एक ड्रेसिंग टेबल. पुकारा झाला की शे-दोनशे माना तिकडे वळतात. त्या वळणाऱ्या मानांवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं. तेव्हा त्या मानांना नावं ठेवताना मी जरा जपून बोलायला हवं. पण जपून बोलणं मला जमत नाही.

अब्बांचा एकच हट्ट होता. आपल्या दुकानातून गेलेली वस्तू मोडली तर ती आपल्याच दुकानात यायला हवी. "आपला माल कुणाच्या उकिरड्यावर दिसला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही," म्हणायचे. पावसाळ्यात, लग्नं थांबली की, दुकानाच्या मागच्या पडवीत मोडके पलंग जमायचे. एकाचा पाय दुसऱ्याला, दुसऱ्याची फळी तिसऱ्याला. जुनं सागवान रंध्याखाली आलं की आतून नव्यासारखंच पिवळंधमक निघतं. तो वास माझ्या लहानपणाचा वास आहे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दुकान माझ्या हातात आलं आणि मी बाहेरून ट्रकने बोर्डाचं फर्निचर आणायला सुरुवात केली. लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळ्या, वर चकचकीत कागद. स्वस्त, हलकं, दुरून फारच चांगलं दिसणारं. दोन पावसाळ्यांत ते फुगलं. एकदा निघालेला स्क्रू पुन्हा धरेना. लोक ते घेऊन माझ्या दारात आले, आणि आमच्या त्याच पडवीत मी त्याचा ढीग लावला. त्याचा पाय याला लावता येत नव्हता, कारण पायच उरत नव्हता. जाळायला घेतलं तर असा धूर निघाला की शेजारचा शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "शेठ, मुर्दा जाळून राह्यले का?" सागवानाच्या जिल्ह्यात राहून आम्ही भुसा विकत होतो. अब्बा पडवीत येईनासे झाले, एवढंच.

ते फुगलेलं सामान उचलायला मी गावोगाव फिरलो. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, आणि तिने मी जास्त चिडलो. आमचे चांगले, अब्बांच्या हातचे सागवानी पलंगसुद्धा लोक वापरत नव्हते. घर दोन खोल्यांचं, दार बुटकं. पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला, वर प्लास्टिक तसंच. माणसं बाजेवर झोपत होती. अलमारी दारातून आत गेली नाही म्हणून ओट्यावर, आणि तिच्या खालच्या कप्प्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. एका बापाने वर्षभराचं धान या वस्तूंत घातलं होतं. कशासाठी? एका सकाळच्या पुकाऱ्यासाठी. आणि तिकडे बल्लारपूरला, खाणींच्या वसाहतींत, बदलीवर आलेली माणसं दोन-तीन वर्षांसाठी पलंग शोधत होती आणि माझ्याकडून तोच फुगणारा बोर्ड नेत होती.

दोन्ही टोकं मीच बघत होतो. म्हणून ठरवलं की बोर्ड बंद. पलंग सागवानाचाच, पण बोल्टवर खोलता येणारा. आयुष्यभर दुरुस्ती आमच्याकडे. आणि ज्याला नको असेल त्याने तो आम्हाला परत विकावा. आम्ही तो पॉलिश करून बदलीवाल्यांना भाड्याने देऊ. त्यांची बदली झाली की पुन्हा आमच्याकडे, पुन्हा पॉलिश, पुढचा भाडेकरू. एक झाड एकदाच तोडायचं आणि त्याच्याकडून तीन पिढ्या काम करून घ्यायचं. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ती येईल त्याला ऐकवायचो. अब्बा पुन्हा पडवीत येऊन बसू लागले. फक्त एकदा म्हणाले, "सगळं घे. पण मुलीचं आंदण परत घेताना तिच्या माहेरी विचार." मी म्हटलं, वस्तू मुलीची आहे, माहेरचा काय संबंध? तत्त्व म्हणून मी आजही तेच म्हणेन.

शहरात ते चाललंही. मग एका उन्हाळ्यात ती मुलगी दुकानात आली, नवऱ्याला घेऊन, एसटीने. लग्नाला वर्ष झालेलं. माहेर मूलच्या रस्त्यावरचं, सासर वैनगंगेपलीकडे, मार्कंड्याच्या बाजूला. पलंग आमच्याकडचाच, डोक्याच्या फळीवर दोन मोर कोरलेले, ते तिच्या वडिलांनी मुद्दाम सांगून करून घेतले होते.

"भाऊ, तुमी पलंग वापस घेता म्हने?"

मी हो म्हटलं. ती नवऱ्याकडे वळली. "बोला ना तुमी."

"तूच बोल. पलंग तुया आहे," तो म्हणाला आणि दुकानातल्या आरशात स्वतःकडे बघत बसला.

मग तीच बोलली. घरात पलंग उभा आहे. सासू त्याच्या बाजूला भुईवर झोपते आणि रात्री दोनदा उठून बघते, अंगावर तर येत नाही ना. तिला पलंग नको होता. शिलाई मशीन हवी होती. आजूबाजूच्या चार गावांत ब्लाउज शिवणारं कुणी नव्हतं, आणि मार्कंड्याच्या जत्रेआधी बायका थेट चामोर्शीला जात होत्या. "पलंगावर झोपून कोनाचं पोट भरलं जी? मशीन असली त घरात बसून चार पैसे येतीन."

"बाबांना सांगितलंय?" मी विचारलं. अब्बांचं ते वाक्य डोक्यात होतं म्हणून.

"मशीन आली का सांगन. अगोदर सांगितलं त बाबा पलंगबी ठेवाले लावतीन आन मशीनबी घेऊन देतीन. मले ते नाई पाह्यजे."

मला ती मुलगी फार आवडली. माझी सगळी योजना तिने दोन वाक्यांत सांगितली होती. मी तिथेच थांबलो, पुढचं काही विचारलं नाही.

मशीन घेऊन मी स्वतः टेम्पोत गेलो. उन्हं चढली होती. पलंगाचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले, ड्रायव्हर कुरकुरत होता. मी म्हटलं, असू दे, अख्खाच चढवा. ही माझी आळशी सूचना. खोलला असता तर तो फळ्यांचा ढीग दिसला असता, मोर खाली गेले असते. पण तो तसाच उभा चढवला, दोराने बांधला, मोर वर आभाळात. सासूने आम्हाला आंबील पाजली आणि रिकाम्या जागेत पाय पसरून बसून दाखवलं. "आता वाटते घर आमचं हाय म्हनून," म्हणाली. मुलीने तेवढ्यात मशीनला दोरा लावलेला होता. आम्ही निघालो तेव्हा मागून तिचा आवाज येत होता, मशीनचा.

पूल ओलांडला आणि तिच्या माहेरच्या गावापाशी आलो. गावाच्या तोंडाशीच जंगलाचा नाका. सागवान म्हटलं की नाक्यावर थांबावंच लागतं. नाकेदार खाटेवरून उठला.

"कुठून कुठी?"

"घरातून दुकानात."

"उलटं काऊन?"

मी गेल्या वर्षीचं बिल दाखवलं. त्याने ते उलटसुलट केलं. "हे दुकानातून घरी जायाचं आहे. वापस यायाचं कुठी आहे?"

"परत येण्याचा कागद नसतोच."

"मंग वापस येऊ नाई ना."

"अहो, हे लाकूड नाही, पलंग आहे."

"पलंग कायचा हाय? लोखंडाचा हाय का? साहेब येतीन, ते पाह्यतीन. बसा."

मी बसलो आणि भांडायला लागलो. बाहेरून बोर्डाचे ट्रकच्या ट्रक येतात त्यांना तुम्ही अडवत नाही. एकदा तोडलेलं झाड पुन्हा वापरायला निघालो तर मी चोर? जंगल वाचवायचं असेल तर अशा पलंगाला तुम्ही सलाम ठोकायला हवा, वगैरे. माझं बरोबर होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि त्याच्या प्रत्येक "बसा"ने मला आणखी जोर चढत होता.

बाहेर काय झालं ते ड्रायव्हरने नंतर सांगितलं. तो चहाला गेला. पानठेलेवाल्याने विचारलं, "कोनाचा पलंग हो?" ड्रायव्हरने सासरच्या गावाचं नाव सांगितलं. "कुठी चालला?" "वापस चालला." बस, एवढंच. मोर सगळ्या गावाने मांडवात पाहिले होते, माईकवर ऐकले होते. आमच्याकडे नांदवायची नसली की पोरीला बसमध्ये बसवतात आणि आंदण मागून टेम्पोने पाठवतात. आंदण परत येण्याचा दुसरा अर्थच लोकांना माहीत नव्हता. जुनं लाकूड परत वापरावं, नको ते दुसऱ्याला द्यावं, हे ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, जे फाटक्या लुगड्याची गोधडी करतात आणि फुटक्या मडक्यात तुळस लावतात, त्यांना पलंग मात्र परत आलेला बघवत नव्हता. कारण पलंग ही वस्तू नव्हती. पलंग म्हणजे पोरगी. मी त्यांच्यावर चिडतो ते याच्यासाठी.

मी आत होतो आणि बाईच्या रडण्याचा आवाज आला. हे मला लिहायला नको वाटतं. मला वाटलं गावात कुणी गेलं असेल. मी क्षणभर थांबलो आणि पुन्हा नाकेदाराशी बोलायला लागलो. ती मुलीची आई होती. टेम्पोच्या फाळक्याला धरून पलंगाच्या पायावर डोकं आपटत होती.

मग मुलीचा बाप दारात आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, विहिरीचं काम सोडून आलेला. तो ओरडला नाही. म्हणाला, "शेठ, माया पोरीचं चुकलं काय?"

मी उठून सगळं सांगितलं. मशीन, सासू, आंबील. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, नाही अशी. "पोरगी कायले देईन पलंग? सासरच्याईनंच वापस धाडला असन."

मागे जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "शेठ, तुमच्यात होत असन असं. आमच्यात पलंग वापस नाई येत."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "तुमच्यात माणूस वापस आलेलं चालते, पलंग नाही चालत!" ते वाक्य मी आजही मागे घेणार नाही. पण ती वेळ वाक्य टाकायची नव्हती, कारण तेवढ्यात बाप म्हणाला की मुलीचे दोघे भाऊ जीप घेऊन सासरी निघाले आहेत, काठ्या घेऊन.

नाकेदार टेम्पो सोडेना. गावात फोन नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लुनावर मी आणि मुलीचा बाप निघालो. तो मागे माझ्या खांद्याला धरून बसला होता आणि वाटेत एकदाच बोलला: "मशीन म्हनता ना तुमी? खरंच मशीन?"

पोचलो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. मोठ्या भावाने जावयाच्या, त्याच्या आईसमोर, दोन कानशिलात दिल्या होत्या. मशीन अंगणात आडवी, चाक वाकलेलं. मुलगी भावांवर ओरडत होती, "मेली काय मी? मेली काय? पाहा ना, उभी हाय तुमच्यासमोर!" सासू ओट्यावर बसून होती. ती शांतपणे बोलली, आणि ते शांत बोलणं भावाच्या काठीपेक्षा वाईट होतं. "न्या पोरीले. पन पलंगासाठी माया पोराले मारलं, हे मी इसरनार नाई."

बापाने अंगणातली मशीन उभी केली, पण तोवर आई बेशुद्ध पडली आहे म्हणून सांगून भावांनी मुलीला जीपमध्ये बसवलं. जी मोडली नव्हती ती सोयरीक संध्याकाळपर्यंत मोडली. माझ्या टेम्पोने, माझ्या चांगल्या कल्पनेने.

भाऊ माफी मागेनात, सासर बोलावेना. पाऊस लागला, धानाची रोवणी झाली, मुलगी माहेरीच. नाक्याने पलंग मला सोडला होता आणि तो पडवीत पडून होता. मी जे शिकलो ते असं: पलंग खोलून आणला तर नाक्यावर ते चोरीचं लाकूड, न खोलता आणला तर गावात सोडचिठ्ठी. नवी वस्तू कुठेही गेली तरी तिला कुणी काही विचारत नाही. परत येणारीकडेच सगळे संशयाने बघतात, सरकारही आणि सोयरेही. अशा जगात जुनं पुन्हा वापरा म्हणणं सोपं आहे. ज्यांनी कधी टेम्पो भरला नाही त्यांनी ते जरूर म्हणावं. भाड्याचा धंदा मी बंद केला नाही, पण त्या पावसाळ्यात भाडेकरूच्या घरी पलंग लावला की मी चहालाही न थांबता निघायचो.

पोळा झाल्यावर दोन्हीकडच्या मोठ्यांनी बैठक ठरवली, मुलीच्या गावात, समाजमंदिराच्या ओट्यावर. मला निरोप आला: पलंग घेऊन या. मी घेऊन गेलो. बराच वेळ बोलणं झालं आणि असं ठरलं की आधी पलंग सासरी जाईल, दिवसाढवळ्या, सगळ्यांनी बघावा असा. पानसुपारी देऊन तो उतरवून घेतला जाईल. मग दुसऱ्या दिवशी मुलगी पाठवायची. दोन्ही बाजूंचा मान राहतो, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या भावाने माफी मागावी हा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

मुलगी दारामागे बायकांत बसली होती. ती बाहेर आली.

"म्हंजे पलंग अगोदर जाते आन मी मागून? मी काय त्याच्यासंग फुकट आली का जी?"

तिच्या काकाने दटावलं. ती थांबली नाही. पलीकडच्या ओळीत नवरा मान खाली घालून बसला होता; मशीनचं चाक त्याने केव्हाच चामोर्शीला नेऊन सरळ करून आणलं होतं, हे नंतर कळलं. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "तुमी उठता का आता? का तुमालेबी पलंगावर घालूनच न्यावं लागते?"

बायकांत हसू फुटलं. तो उठला, चपला शोधल्या, एक सापडेना, तरी निघाला. मग मुलीच्या बापानेच ती दुसरी चप्पल ओट्याखालून काढून त्याच्या पायापुढे ठेवली, दोन्ही हातांनी. मोठा भाऊ ते बघत होता. त्याचं तोंड उतरलं. बहिणीची पिशवी उचलून रस्त्यापर्यंत तोच घेऊन गेला.

मी धावत त्यांच्या मागे गेलो. म्हटलं, बस केव्हा येईल सांगता येत नाही, टेम्पो उभाच आहे, चला, मी सोडतो. मला काहीतरी करून द्यायचं होतं त्यांच्यासाठी. ती म्हणाली, "नको भाऊ. तुमच्या टेम्पोत बसली त लोक म्हनतीन, हिलेबी वापस करून राह्यले."

रागाने म्हणाली की थट्टेने, मला आजही सांगता येत नाही. बस आली. दोघं चढली, भावाने पिशवी आत दिली, बस पुलाकडे गेली. मी परत ओट्यापाशी आलो, तर मंडळी उठलेलीच नव्हती. बैठक चालू होती. आता पलंगाचं काय करायचं, यावर दोन तट पडले होते.